दुमडलेल्या कोपऱ्यातला दीपस्तंभ

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा. तुम्ही भिंतीवर टांगलेले आहात आणि दिवसभर अनोळखी माणसे तुमच्या पोटात बोट खुपसून विचारत आहेत, "आपण आत्ता कुठे आहोत?" माझे आयुष्य असेच गेले. मी एक जुना नकाशा आहे, पर्यटकांच्या तिकीटघरातला.

एका चित्रकाराने मला जाड कापडावर रंगवले. बागा हिरव्या, समुद्र निळा आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, बेटावर, बोटभर दीपस्तंभ. लोक थांबून माझे कौतुक करत. मग खिडकीवर सात ठिकाणांचा पास मिळू लागला आणि लोक मला न पाहताच पळू लागले. पास वसूल करायचा ना! संध्याकाळी तेच लोक बाकावर बसून पाय चोळत. काय पाहिले ते मात्र धड आठवत नसे. इकडे भिंतीच्या ओलीने माझा खालचा कोपरा वर वळला. दीपस्तंभ त्यात झाकला गेला, तरी कुणी दखल घेतली नाही.

एके दुपारी बाबा, आजोबा आणि नात असे तिघे आले. तरुणपणी आजोबा त्या दीपस्तंभाचा दिवा लावायचे. आता त्यांची नजर झपाट्याने जात होती. पूर्ण जाण्याआधी एकदा तो पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि रात्री तर घरी परतायचे होते.

"तीन पास द्या," बाबा म्हणाले.

"अरे, दीपस्तंभ आहे ना त्यात?" आजोबांनी विचारले.

"असेलच हो, अण्णा! सात ठिकाणं आहेत."

बाहेर भोंगा वाजला. "बेटाची शेवटची होडी सुटतेय," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "पास देऊ ना? एकदा दिला की परत घेत नाही हं."

"काका, पास घेताय की लग्न ठरवताय? आटपा की!" रांगेतून कुणीतरी ओरडले.

बाबांनी नोटा पुढे सरकवल्या. नात माझ्याकडे धावली. पासाच्या फलकावरचे एकेक नाव वाचत तिने माझ्यावर बोट फिरवले. सातही ठिकाणे वर, डोंगराकडे. मग तिने माझा वळलेला कोपरा दोन्ही हातांनी सपाट केला.

"बाबा, थांबा! दीपस्तंभ इथे खाली आहे. पासात तो नाहीच!"

"होडीचं तिकीट वेगळं असतं," बाई म्हणाल्या.

"अगं, पण पास केवढा स्वस्त पडतोय!" बाबा म्हणाले.

"स्वस्त आहे, पण आपल्याला हवंय ते कुठे आहे त्यात?"

भोंगा पुन्हा वाजला. आजोबा हळूच म्हणाले, "जाऊ दे. तुम्ही फिरून या, मी बसतो इथे."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नोटांवर हात ठेवला. "पास नको. होडीची तीन तिकिटं द्या. लवकर, बाई!"

मित्रांनो, पास वाईट नसतो. ती सातही ठिकाणे पाहायची असतील तर खुशाल घ्या. पण काय पाहायचे ते आधी ठरवा. आणि आम्हा जुन्या नकाशांचे कोपरे तेवढे सांभाळा.

बाबा आजोबांचा हात धरून धक्क्याकडे निघाले. माझा कोपरा पुन्हा वर वळू लागला. नात दारातून माघारी फिरली. आजोबांना नवी चप्पल चावत होती, म्हणून तिच्या खिशात जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. ती तिने काढली, माझा कोपरा भिंतीला घट्ट चिकटवला आणि होडीकडे धूम ठोकली.