तिसरा नको

रेडिओवाल्या पोरीचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणून टाकलं. कॅसेटच्या जमान्यातल्या गाण्यांवर कार्यक्रम होता, आणि तिला आमचं ते एकच गाणं हवं होतं. गायिका येणार होत्या, रेकॉर्डिस्ट म्हणून मीही यावं असं तिचं म्हणणं. फोन ठेवला तर आमची ही समोर उभी.

"पस्तीस वर्षं तेच तेच बोलून माझं डोकं खाल्लंत," ती म्हणाली. "आता जा आणि बाईंना एकदा काय ते सांगून या."

काय ते म्हणजे हे. तेव्हा सगळी वादक मंडळी एकाच खोलीत बसायची. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. वीस व्हायोलिनवाले घामाघूम, पण पंखा लावायचा नाही, कारण त्याची घरघर टेपवर येते. काचेच्या अलीकडे मशीनपाशी मी. त्या दिवशी पाच टेक झाले. तिसऱ्यात शेवटच्या कडव्याला बाईंचा आवाज फाटला. त्या बाहेर गेल्या, तोंड धुऊन आल्या. पाचवा मात्र धुतल्या तांदळासारखा. आमचे संगीतकार, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते गाडी गाठायच्या घाईत होते. जाता जाता माइकवर म्हणाले, "पाचवा. तिसरा नको." वादकांच्या पेट्या बंद करायच्या खडखडाटात मी ऐकलं, "तिसरा ओके."

टेप महाग होती. एक टेक ओके झाला की बाकीच्यांवर दुसरं काही भरायचं, ही आमची शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचव्यावर मी साबणाची जाहिरात भरली. मास्तर दोन महिन्यांनी परतले तोवर गाणं न्हाव्याच्या दुकानापासून कॉलेजच्या कँटीनपर्यंत वाजत होतं, आणि लोक खुळावले होते ते नेमके त्या फाटक्या सुरावर. मास्तरांनी एकदा माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग जो भेटेल त्याला सांगायला लागले, "मुद्दामच ठेवलाय मी तो."

माझी नोकरी वाचली, पण बाईंचं काय? नकलाकार स्टेजवर तो फाटका आवाज काढून हशे पिकवायचे. एकदा तर बाई स्वतः पहिल्या रांगेत बसलेल्या. मागे बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी मला कुठे पाहिलं की मान वळवावी. वळवणारच. मी त्यांच्या जागी असतो तर चप्पल काढली असती.

तर गेलो. मुलाखतीत पोरीने विचारलंच, तो टेक कुणी निवडला म्हणून. "मास्तरांनी," बाई शांतपणे म्हणाल्या. बाहेर आल्यावर जिन्यापाशी त्यांना थांबवलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर नको म्हणाले होते. मी शेजारीच उभी होते ना."

"मग?" मी विचारलं.

"तुम्ही आतून उलटून विचारलंत, 'तिसरा ओके ना?' मास्तर तोवर बाहेर पडले होते. हेडफोन माझ्या एकटीच्या कानावर. मी काही बोललेच नाही."

"का पण?"

"मला तिसराच हवा होता. पाचवा मास्तरांनी शिकवला तसा गायले, तिसरा माझा होता. पण त्यांच्यापुढे बोलायची टाप कुणाची? एकवीस वर्षांची होते मी. तुम्ही आयतेच सापडलात."

"आणि त्या नकला?"

"नक्कल करायला आवाज तरी वेगळा लागतो, साहेब. त्या फाटक्या सुरावर मला पुढे वीस वर्षं गाणी मिळाली."

"मग मला बघून मान का वळवायचात?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझ्यापायी तुमची नोकरी जायची वेळ आली होती. कोणत्या तोंडाने बघू तुमच्याकडे?"

माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच पायरीवर बसलो. बाईही शेजारी बसल्या. दोन म्हातारी माणसं खो खो हसतायत हे बघून ती रेडिओवाली पोर पाणी घेऊन धावत आली.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं.

"म्हणजे एवढी वर्षं तुम्ही कुढलात, तुमच्याबरोबर मी कुढले, ते सगळं फुकटच?"

"फुकटच," मी म्हणालो, आणि ते म्हणताना मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.