उसवलेली वर्षं

आमच्या कॅलिफोर्नियातल्या सलिनासमध्ये पदवीच्या दिवशी पोरं गळ्यात भरतकामाचा पट्टा घालतात. माझी भाची इत्झेल कम्युनिटी कॉलेजात गेली, त्याच आठवड्यात मी तिच्या पट्ट्यावर पदवीचं साल २०१५ भरून टाकलं. दोन वर्षं इथे, मग विद्यापीठ. सरळ होतं सगळं.

पण पोरगी गणितात अडकली. मी पाच उसवून सहा केला. मग तिने लेट्यूसच्या पॅकिंगचं काम धरलं, निम्मेच विषय घेतले, सहाचा सात झाला. पुढे विषयच बदलला, मी सातही उसवला.

"अगं, दोन वर्षांत तुझ्या काकांनी घर बांधलं!" मी ओरडले.

"मावशी, त्याला मागची भिंत अजून नाहीये."

अखेर २०१८च्या वसंतात विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं. पट्ट्यावर आकड्याच्या जागी नुसती सुईची भोकं. मला लाज वाटली, म्हणून मी नवा पट्टा भरला. इत्झेलने तो बाजूला सारला.

"मी जुनाच घालणार."

"चाळणी झालीय त्याची!"

"मग भर ना. उसवलेली सगळी वर्षं परत घाल, मावशी. त्या वर्षांतही मी शिकतच होते."

सुई मी तिलाच ओवायला लावली. मला काही दिसेना.