आर्डिसकाकूंची दोन एकरं

आमच्या मिनेसोटात कुणाचं गवत गुडघ्याला लागलं, की तो आजारी आहे नाहीतर मेलाय, असं समजायचं. मग न विचारता त्याचं गवत कापायचं आणि मॅकरोनी-खिम्याचा ट्रे दारात ठेवून यायचं. नको म्हणायची सोयच नाही. आमचा व्हर्जिल तर असलं पुण्य कमवायला टपलेलाच असतो. माझाच नवरा तो, म्हणून सांगते.

शेजारच्या आर्डिसकाकूंची घरामागची दोन एकरं कधीच नांगराखाली गेली नव्हती. प्रेअरीची, म्हणजे इथल्या गवताळ माळाची, मूळची रानफुलं जुलैत तिथे नुसती उसळतात, वर भुंग्यांची झुंबड. त्यातला पाठीवर तांबूस ठिपका असलेला भुंगा आता फार कुठे दिसत नाही म्हणे. तो इथेच राहतो असं पाहणीला येणाऱ्या वन्यजीव खात्याच्या सरकारी बाईंना पटलं, तर जमीन कायमची राखीव. नाही पटलं, तर काकूंच्या मागे त्यांचा पुतण्या तिथे मका पेरणार. तसं त्याने तोंडावर सांगितलं होतं. बाई शुक्रवारी यायच्या होत्या, आणि सोमवारीच काकू खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात.

गुरुवारी मी गावातून परतले, तर व्हर्जिल ट्रॅक्टरवरून उतरत होता. दोन एकरांची पार हजामत झालेली.

"उद्या पाहुणे यायचेत, आणि केवढं ते रान माजलेलं!"

"अरे मेल्या, ते रानच बघायला येतायत ना पाहुणे!"

"मग मला कुणी सांगितलं का?"

विचारलंस का कुणाला? मला रडूच फुटलं. कापून पडलेली जांभळी रानफुलं वेचून मी बरणीत घातली, आणि लाजेकाजेस्तव मॅकरोनीचा ट्रे केला.

शुक्रवारी काकू चाकांच्या खुर्चीतून आल्या. बोडकं रान बघून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. पण आमच्याकडे अशा वेळी आभार मानावेच लागतात. "थँक्यू, व्हर्जिल," त्या म्हणाल्या. आणि हा चक्क खूश!

सरकारी बाई हळहळत निघाल्याच होत्या. तेवढ्यात काकूंच्या अंगणातल्या टेबलावर, मॅकरोनीशेजारच्या बरणीतल्या फुलांवर भुंगा येऊन बसला. पाठीवर तांबूस ठिपका! तो उडाला तशा बाई मागे धावल्या, त्यांच्यामागे काकूंची खुर्ची ढकलत मी. भुंगा उघड्या पडलेल्या रानातल्या उंदराच्या जुन्या बिळात शिरला. त्याच्यामागून आणखी दोन. अख्खं घरटंच होतं तिथे.

"झालं काम," बाई म्हणाल्या. "जमीन राखीव होणार."

"बघा! मी कापलं नसतं, तर बीळ दिसलं असतं का?" व्हर्जिलने छाती काढली. जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या, काय बोलणार!

काकूंनी डोळे पुसले. "खरंय रे बाबा. तुझ्यामुळे घर सापडलं त्यांचं. स्वयंपाकघर तेवढं तू कापून टाकलंस. आता थंडीपर्यंत बिचाऱ्यांनी खायचं काय? तुझ्या अंगणातल्या गवतात पांढऱ्या फुलांचा क्लोव्हर फुलतो ना? तेवढा कापू नकोस हं, राजा."

चारचौघांत, इतकं गोड. नाही म्हणायची काय बिशाद!

ऑगस्टात आमचं अंगण गुडघाभर वाढलं. भुंग्यांची चैन झाली. व्हर्जिल मात्र पडद्याआडून रस्त्यावरच्या गाड्या बघत झुरायचा. काल दार वाजलं. पलीकडच्या वस्तीवरचा नॉर्बर्ट टोपी काढून उभा, हातात मॅकरोनीचा ट्रे.

"कधी गेला गं व्हर्जिल?" त्याने हळूच विचारलं. "तू काही बघू नकोस. पोरं गवत कापून टाकतील."

मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, आणि माझा नवरा बनियनवरच धावत जाऊन मशीनपुढे आडवा पडला.