आठची कडी आणि दोरीचा पेच

पुसेगावच्या अंगदला झाडावर चढायचं भारी वेड. चाळिशी उलटली तरी बांधावरची चिंच दिसली की त्याचे पाय शिवशिवायचे. पण गेल्या साली फांदीवरून घसरून त्याचा पाय मोडला आणि बायकोनं, मोहिनीनं, फर्मानच काढलं की यापुढं झाडाला हात लावायचा नाही. अंगद तोंड पाडून शेळ्यांमागं हिंडू लागला. शेवटी त्यानं तिच्याच भावाला, भारतला, साकडं घातलं.

भारत पुण्यात बंगल्यांतली झाडं छाटायच्या कामावर होता. दोन हजार तीनच्या होळीला तो सेनगावपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं आला, तो दोर, कमरेचा पट्टा आणि दोन साधनं घेऊनच. एक होता बारीक दोरीचा पेच. तो मुख्य दोराला गुंडाळला की भार पडताच आवळायचा. दुसरी होती आठच्या आकड्यासारखी धातूची कडी. तिच्यातून ओवलेला दोर घासत घासत माणसाला खाली उतरवायचा.

"माणूस मागून," मोहिनी म्हणाली. "आधी सरकीचं पोतं. ते धडपणी उतरलं तर तुमी चढा. न्हाई तर इषय संपला."

भारतनं बांधावरच्या चिंचेच्या उंच फांदीवरून दोर टाकला आणि एक टोक खोडाला बांधलं. लोंबत्या दोराला साधनानं पोतं अडकवायचं, दुसऱ्या दोरानं वर ओढायचं आणि मग सोडून द्यायचं, अशी परीक्षा ठरली.

आधी नुसता पेच लावला. पोतं जे लटकलं ते लटकलंच. पेच सैल करायला बांधलेली सुतळी खालून कितीही हिसकली तरी तो ढिम्म हलेना. अखेर शिडी लावावी लागली.

"हे तर माझ्या सासूबाईवानी," मोहिनी म्हणाली. "धरलं की सोडत न्हाई."

मग नुसती कडी. भारतनं खालचं टोक ताणून धरलं तोवर पोतं झोकात उतरत होतं. त्यानं हात सोडला आणि ते धपकन आपटलं.

"दोन्ही संगं लावू," भारत म्हणाला. "कडी भार हलका करती, पेच धरून ठेवतो. जेवण करून बघू."

जेवण होईस्तोवर अंगदला कुठला दम! गाडीचा आस असो की विहिरीचा रहाट, घासणाऱ्या वस्तूला तेल पाजल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं गुपचूप कडीला आणि पेचालाही एरंडेल चोपडलं.

दुपारी पोतं वर गेलं, सोडलं आणि सुसाट खाली येऊन फाटलं. शेळ्यांनी सरकीवर झडप घातली. मोहिनी काही न बोलता दोर गुंडाळू लागली. ती ओरडते तोवर आशा असते, गप्प झाली की संपलं, हे अंगद जाणून होता.

भारतनं कडी हातात घेतली आणि बोटं हुंगली. "दाजी, तेल काहून लावलं?"

"घासून राहिलं ना ते! झिजंल म्हणून."

"आवो, घासतंय म्हणून तर माणूस जित्ता राहतो!"

मोहिनी दोर टाकून मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिनंच कडी राखेनं घासून काढली. भारतनं पेचाला नवी दोरी घेतली. शिवलेलं पोतं पुन्हा वर गेलं. सुतळी ओढली की ते हळूहळू उतरायचं, सोडली की जागीच थांबायचं. अंगद पट्टा बांधायला पुढं सरसावला.

"थांबा," मोहिनी म्हणाली. "पोत्याला काय कळतं? मी बघते."

तिनं साडीचा काचा मारला, पट्टा बांधला आणि भारत सांगेल तसा पाय रोवत वर गेली. फांदीजवळ पोचल्यावर तिनं दोन्ही हात सोडून दिले.

पेचानं तिला धरलं होतं, तरी खाली अंगदनं झेलायला हात पसरले. इतक्या वर्षांत तो या झाडाखाली असा मान वर करून कधी उभाच राहिला नव्हता.

"भ्या वाटून राहिलं का गं?" त्यानं विचारलं.

"न्हाई! तुमाला?"

"लई," अंगद म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

तिनं फांदी धरून खाली वाकून पाहिलं. मग ती म्हणाली, "मला दरसाली वाटायचं." आणि हसून म्हणाली, "जाऊ द्या. उद्यापासून चढा तुमी."

वर्षभर ज्यासाठी तो झुरला ते अखेर मिळालं होतं.

"ते ऱ्हाऊ दे," अंगद म्हणाला. "आधी तू खाली ये."