गोल आकडे

हिशेब विभागाच्या मोठ्या साहेबांना सगळे पाठीमागे ‘दशांश’ म्हणत, कारण दशांश दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मुख्य कचेरीला युरोत अहवाल पाठवायचा, तर आकडा कसा गोल, देखणा हवा. उरलेलं शेपूट ते बिनदिक्कत छाटून टाकत, आणि त्यांना विचारायची कुणाची टाप नव्हती.

अहवालाचं नवं सॉफ्टवेअर बनवणारी मुलगी त्यांच्या धाकट्या भावाची होती. हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या आडनावाची माणसं तिथे ढिगानं होती. नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती, काकांनी कुणाकडे शब्दही टाकला नव्हता. तरी लोक वशिल्याची म्हणतील या धास्तीनं त्यांनी तिला बजावलं होतं, इथे मी फक्त सर. तिनं मान डोलावली खरी, पण त्या रविवारी काकांकडे जेवायला आली नाही. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

आज संचालकबाईंसमोर सॉफ्टवेअरची परीक्षा होती. पसंत पडलं तर सगळ्या शाखांत जाणार, नाहीतर पोरीची सगळी मेहनत पाण्यात. बाईंनी युरोतला अहवाल पाहिला आणि खूश झाल्या. मग तोच आपल्या चलनात दाखवायला सांगितला. एका शाखेचा नफा त्या शाखेनं स्वतः कळवलेल्या आकड्याशी काही केल्या जुळेना. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मग जुनी पद्धत काय वाईट होती, असं शांतपणे विचारलं.

मुलीनं त्या शाखेची नोंद उघडून पाहिली. मग वळली ती थेट साहेबांकडे.

“सर, हा आकडा तुम्ही सकाळी हातानं युरोत केलात, गोल केलात आणि मग भरलात. शाखेचा मूळ आकडाच भरायचा असतो. युरोत बदल सॉफ्टवेअर करतं. एकदा कापलेलं परत येत नाही.”

खोलीतली सगळी माणसं साहेबांकडे पाहू लागली. साहेबांना मात्र आपला भाऊ आठवला. बिचाऱ्यानं जन्मात कधी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याची ही लेक! राग येईल असं त्यांनाही वाटलं होतं, पण छाती अभिमानानं भरून आली. ते उठले, तिच्या शेजारी बसले आणि मूळ आकडा शेपटासकट स्वतः भरला. युरोत नेला, परत आणला. पै न पै जुळली.

बाई हसल्या. तुम्हाला तोंडावर चूक सांगणारी ही आहे तरी कोण, असं त्यांनी विचारलं.

“पुतणी आहे माझी,” साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “धाकट्या भावाची मुलगी. आणि चूक माझी होती.”

मुलीनं पडद्यावरची नजर हलवली नाही.

“काका,” ती म्हणाली, “खालच्या ओळीतल्या शाखेचाही आकडा गोल दिसतोय. तोही नीट भरा.”