प्लायच्या पलीकडे

सुताराने गाडीमागे जोडायचा तो ट्रेलर स्वतःच्या हाताने बांधला होता. आकार थेंबासारखा, पुढे गोल फुगीर आणि मागे निमुळता. आत दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढी गादी, आणि मागचं झाकण वर उचललं की उघड्यावरचं स्वयंपाकघर. गादी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये प्लायची पातळ भिंत, एवढाच काय तो आडोसा. गल्लीतले लोक विचारायचे, मागे कोंबड्यांचं खुराडं जोडून निघालात कुठे? तो हसून म्हणायचा, कोंबडी नाही हो, बायको घेऊन चाललोय. बायकोला मात्र हसू यायचं नाही.

ही सहल म्हणजे त्याची शेवटची संधी आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या वेळी त्याने तिचं मनगट मोडलं, तेव्हा ती आपलं शिलाईमशीन उचलून ताईकडे राहायला गेली होती. तो ताईच्या जिन्यात येऊन बसला. म्हणाला, एकदा माझ्याबरोबर चल, या एवढ्याशा जागेत राहू, आणि माझा हात एकदा जरी उठला तरी सरळ इकडे निघून ये, मी मागे येणार नाही. ताईने तोंडावर ऐकवलं की घर लहान केलं म्हणून याचा हात काही लहान होत नाही. तरीही ती आली, कारण जिन्यात बसून रडणारा माणूसही तिला खरा वाटला होता.

आणि खरंच, तो वेगळा वागत होता. दोन बाजूंची दोन दारं रस्त्यावरच्या खड्ड्यांत हिसक्याने उघडू नयेत म्हणून त्याने दोन्हींना बाहेरून कड्या ठोकल्या होत्या, पण आतून एकही नव्हती. तिने ते दाखवलं तेव्हा नेहमीसारखा तो अंगावर आला नाही. कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, एवढी वर्षं दारं बसवतोय आणि स्वतःच्याच दाराच्या वेळी अक्कल गहाण टाकली.

तळ्याकाठी त्यांनी ट्रेलर उभा केला. लख्ख दुपार होती, आजूबाजूला माणूस नव्हता. ती मागे कांदा चिरत होती आणि तो तिच्या समोरच ताडपत्रीची दोरी ताणत होता, तेव्हा प्लायच्या पलीकडे काहीतरी धप्पकन आदळलं. ताटल्या खणखणल्या.

"किती वेळा सांगितलं तुला?" आतून आवाज आला. त्याचाच.

मग मारल्याचा आवाज, आणि मग एका बाईचं रडणं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात उशी कोंबून रडावं तसं. स्वतःचा टाका ओळखावा तसं तिने ते रडणं ओळखलं. तिने वर पाहिलं. तो हातात दोरी धरून तसाच उभा होता. त्यालाही ऐकू आलं होतं.

त्याने धावत जाऊन कडी काढली. आत गादी नीट अंथरलेली, पडदे सरळ, कोणी नाही. कडी लावली, तर पुन्हा सुरू. उघडली की शांत, लावली की मार. आतून कुणाचं तरी डोकं भिंतीवर आपटत होतं. प्लाय फुगत होता, खिळ्यांची डोकी एकेक करून बाहेर येत होती.

"मी असा बोलतो?" त्याने तिला विचारलं.

तिने आपलं मोडून सांधलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"मरेल ती," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने हातोडी घेतली. "मी आत जातो. तू बाहेरून कडी लाव. त्याशिवाय तो येत नाही."

तिने स्वतःच्या हाताने कडी लावली.

मग ट्रेलर चाकांवर हेलकावे खाऊ लागला. आत दोन पुरुष एकमेकांना जिवानिशी मारत होते आणि दोघांचा आवाज एकच होता, शिव्याही त्याच, कण्हणंही तेच. खिडकीची काच आतून लाल झाली. कोणता घाव कोणाला बसतोय हे कळायला मार्ग नव्हता, तरी प्रत्येक घावाला ती मनात म्हणत होती, माझा जिंकू दे, जिन्यात बसला होता तो जिंकू दे. मग हाड फुटल्यासारखा एक आवाज आला, आणि सगळं थांबलं.

"उघड," आतून कोणीतरी हळूच म्हणालं.

तिने उघडलं. तो एकटाच बाहेर आला, ओठ फाटलेला, कोपरापर्यंत रक्त. तिला आत डोकावू न देता त्याने दार लोटलं आणि कडी सरकवली.

"संपवलं त्याला," तो म्हणाला. "आता तुला कोणी हात लावणार नाही." असं म्हणून त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तळ्यावर हात धुवायला गेला.

तिला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. टेकायला म्हणून ती प्लायला पाठ लावून उभी राहिली. खाली पाण्याशी ओणवा होऊन तो नखं घासत होता. मग हात झटकत, तिच्याकडे बघत तो चढण चढू लागला.

तेवढ्यात तिच्या कानाशी, पातळ प्लायच्या पलीकडून, तिचाच दमलेला आवाज आला.

"तुझा इथे पडलाय गं. बाहेर आलाय तो माझा."