चेंडू सुटण्याआधी

ओरिन वास्कोने कॉफीचा जुना डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडा केला, तेव्हा त्याच्या मनात डेल गॅरिटीचं पत्र होतं. ते येऊन अकरा वर्षं झाली होती. नक्की आठवलं की उत्तर लिहू, असं म्हणता म्हणता जाड शब्दकोशात ठेवलेलं ते पत्र दाबलेल्या पानासारखं चपटं होऊन गेलं होतं.

डब्यातून फिल्मच्या छोट्या छोट्या गुंडाळ्या घरंगळल्या. प्रत्येकीभोवती कागदाची पट्टी आणि तिच्यावर पेन्सिलने लिहिलेला सामन्याचा क्रमांक. बाहेर एरी सरोवरावरून बर्फ येत होता, हळूहळू, कुठे जायचं ते ठरलं नसल्यासारखा. रेडिओवर दोन माणसं वाद घालत होती. हार्बरमेन, म्हणजे शहराचा अमेरिकन फुटबॉल संघ, सलग सहा सामने हरले होते आणि त्यांच्या कोचने आज सकाळी चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक बदलला होता.

“बरं झालं,” त्याची बहीण बर्निस म्हणाली. ती सूपमध्ये नूडल्स सोडत होती. “त्या पोराला अंगावर धावून येणारा माणूस दिसतच नाही.”

“दिसत असेल.”

“मग दर वेळी लोळतो कशाला?”

“नक्की सांगता येणार नाही,” ओरिन म्हणाला.

“हे तुझ्या थडग्यावर कोरून घेऊ आपण. नाव नसलं तरी चालेल, लोक ओळखतील.”

ओरिनने रेडिओचा आवाज कमी केला.

तेहतीस वर्षांपूर्वीही हार्बरमेन असेच सहा सामने हरले होते. ओरिन तेव्हा संघाचा फिल्मवाला होता. आठवडाभर शहराच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायची आणि रविवारी स्टेडियमच्या छपरावर कॅमेऱ्यामागे उभं राहायचं. तिथून मैदान फार लांब दिसे, आवाज वाऱ्यावर विरून जाई आणि खाली बावीस माणसं झोपेत चालल्यासारखी रांगेत येऊन उभी राहत. फिल्म जपून वापरावी लागे. चेंडू सुटून क्वार्टरबॅकच्या हातात जायच्या बेताला कॅमेरा सुरू करायचा आणि शिटी वाजून तो काही सेकंदांचा डाव संपला की बंद करायचा, अशी पद्धत होती.

पण कॅमेऱ्याला वेग धरायला क्षणभर लागे. तेवढ्यात पहिल्या काही चौकटी जास्त उजेड पिऊन दुधासारख्या पांढुरक्या होत. सोमवारी अंधाऱ्या खोलीत खेळाडूंना फिल्म दाखवताना प्रत्येक डावाआधी पडद्यावर तो पांढरा भपका उठे आणि कोच स्टाल डोळ्यांवर हात धरत.

“आंधळा करशील मला, ओरिन. कापून टाक ते.”

तेव्हापासून ओरिन प्रत्येक डावाच्या सुरुवातीचा पांढरा तुकडा कापू लागला. टाकून मात्र दिला नाही. पुस्तकातून निखळलेलं पानसुद्धा त्याच्याने टाकवत नसे.

सहाव्या पराभवानंतरच्या सोमवारी स्टालनी एकच डाव अकरा वेळा पाहिला. डेल गॅरिटी चेंडू घेऊन मागे सरकतो, फेकायला हात उचलतो, आणि आपल्या रांगेतल्या डावीकडच्या फटीतून आलेला माणूस त्याला आडवा करतो. स्टाल यंत्र मागे फिरवत. डेल जमिनीवरून पाण्यातून वर यावा तसा अलगद उठे, उभा राही आणि पुन्हा पडे. आवाज फक्त यंत्राचा.

“हा येताना तुला दिसला नाही?” स्टालनी विचारलं.

“दिसला, कोच. गार्डला मी बोटाने दाखवलं होतं. ती फट राखायचं काम त्याचं होतं.”

“फिल्ममध्ये नाही दिसत बोट.”

“चेंडू सुटण्याआधी दाखवलं होतं.”

“आपण पण सामना सुरू होण्याआधी जिंकतच होतो,” मागून कोणीतरी म्हणालं. खोली हसली. गार्ड आपल्या बुटांकडे बघत राहिला.

स्टाल यंत्राकडे वळले. “ओरिन, तू वर होतास. दाखवलं होतं का याने?”

चाळीस चेहरे त्याच्याकडे वळले. दिव्याची धग ओरिनच्या गालाला लागत होती. कॅमेऱ्यातून त्याने तो हात पाहिला होता. लांब, ताणलेला, थंडीने लाल झालेला. पण एवढ्या माणसांसमोर तो हात त्याच्या मनात हलू लागला. याच डावात होता ना? की आधीच्या?

“नक्की सांगता येणार नाही, कोच,” तो म्हणाला.

त्या रविवारी डेलच्या जागी मन्रो टिब्स खेळला आणि हार्बरमेन जिंकले. संध्याकाळभर शहरात गाड्यांचे भोंगे वाजत होते. पुढचे पाच सामने ते हरले. तोवर डेलचं खोलीतलं कपाट रिकामं झालं होतं. तो नेब्रास्काला गेला आणि शेतकऱ्यांना मक्याचं बियाणं विकू लागला.

बावीस वर्षांनी त्याचं पत्र आलं होतं. ओरिनला ते पाठ होतं.

“मिस्टर वास्को, मुलगा मला त्या दिवसाबद्दल विचारतो. मी सांगतो की मी बोट दाखवलं होतं. बायको म्हणते, दर वेळी तुम्ही वेगळं सांगता. आता माझा माझ्यावरच भरवसा राहिलेला नाही, आणि हे फक्त फुटबॉलपुरतं उरलेलं नाही. दुकानात बेरीज केली तरी दोनदा करतो. तुम्ही वर होतात. मी दाखवलं होतं का? एक शब्द लिहिलात तरी पुरे.”

ओरिनने सहाव्या सामन्याची पट्टी सोडली. फिल्म कडक होऊन वळली होती. तिला व्हिनेगरचा वास येत होता. तो तुकडे एकेक करून खिडकीशी धरू लागला आणि नकाशे वाचायच्या भिंगातून पाहू लागला. बाहेरचा बर्फ आणि फिल्ममधला पांढरा उजेड एकमेकांत मिसळत होते. त्या धुक्यात माणसं वाकून उभी होती.

“सूप निवतंय,” बर्निस म्हणाली.

त्याने पुढचा तुकडा उचलला. सतराव्या तुकड्यात, जवळजवळ पुसून गेलेल्या उजेडात, डेलचा हात होता. खांद्यापासून सरळ, बोट डावीकडच्या फटीकडे. ओरिन खुर्चीवर बसला. मग उठून पुन्हा पाहिलं. हात तिथेच होता.

सगळं परत डब्यात भरताना सातव्या सामन्याची गुंडाळी त्याच्या हातात आली. ती उघडायचं काही कारण नव्हतं. हा तर जिंकलेला सामना. तरी त्याने ती सोडली आणि तुकडे खिडकीशी धरले. मग आठवा, मग नववा.

“बर्निस, जरा इकडे ये.”

ती हात पुसत आली, भिंगाला डोळा लावला. “माणूस आहे कोणीतरी. बोट दाखवतोय.”

“आणि याच्यात?”

“तोच आहे की.”

“नाही. हा टिब्स.”

बर्निसने पुन्हा पाहिलं, या वेळी जास्त वेळ. “कुणाला दाखवतोय?”

“त्याच गार्डला. तीच फट.”

“आणि तो गार्ड काय करतोय?”

“खाली बघतोय.”

रेडिओवर कोणीतरी म्हणत होतं की आता संघाला नवं वारं मिळेल. बर्निसने हात लांब करून रेडिओ बंद केला. मग सूपचं भांडं पुन्हा आचेवर ठेवलं.

ओरिनने कागद घेतला. “डेल, फिल्मचा एक तुकडा सापडला. त्यात तू बोट दाखवतोयस हे स्पष्ट दिसतं.” त्याने ते वाचलं. अक्षर चांगलं आलं होतं. बराच वेळ तो पेनचं टोपण काढत आणि लावत राहिला. मग कागदाची चार ठिकाणी घडी घालून तो खिशात टाकला आणि दुसरा घेतला.

“डेल, तू दाखवलं होतंस. मी त्या दिवशीच पाहिलं होतं आणि विचारल्यावर सांगितलं नाही. सोबतचा पहिला तुकडा तुझा आहे. दुसरा टिब्सचा, पुढच्या रविवारचा. दोन्ही उजेडाकडे धरून बघ. ओरिन वास्को.”

“जिवंत आहे का तरी तो?” बर्निसने विचारलं.

“असेल तर वाचेल. नसेल तर त्याचा मुलगा आहे.”

बर्निसने त्याला गाडीतून चौकातल्या निळ्या टपालपेटीपाशी नेलं. चाकांखाली बर्फ मऊ दबत होता. समोरचं सरोवर आणि आभाळ यांच्यातली रेघ नाहीशी झाली होती. ओरिन उतरला, पेटीचं झाकण ओढलं आणि पाकीट आत सोडलं. झाकण परत लागलं. पत्र अडकलं तर नाही ना, हे पाहायला झाकण दुसऱ्यांदा उघडण्याची सवय त्या शहरात सगळ्यांनाच होती. ओरिन तर तिसऱ्यांदाही उघडत असे.

बर्निसने काच खाली केली. “पडलं का आत?”

त्याचे हात कोटाच्या खिशात होते. ते त्याने बाहेर काढले नाहीत.

“पडलं,” तो म्हणाला.